उसनी उंची

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये पारख करणाऱ्याला, म्हणजे स्काउटला, सगळ्यात जास्त चकवतो तो फॉरवर्ड. गार्डचं कसब लवकर नजरेत भरतं. चेंडूवरचा ताबा, पास, दडपणाखालचं डोकं हे सगळं चौदा-पंधराव्या वर्षी बऱ्यापैकी कळतं. सेंटरच्या बाबतीत सात फुटांची उंचीच पुष्कळ काही सांगून जाते. फॉरवर्डला दोन्हींकडचं थोडंथोडं लागतं, आणि गंमत अशी, की शाळेत असताना तो बहुतेकदा फॉरवर्डसारखा खेळतच नसतो. साध्या शाळेच्या संघात ६ फूट ६ इंचांचा मुलगा सर्वांत उंच ठरतो, म्हणून प्रशिक्षक त्याला बास्केटखाली उभा करतात. तिथे तो बुटक्या मुलांच्या डोक्यावरून रिबाउंड काढतो, हात वर करून गुण मिळवतो आणि गावच्या वर्तमानपत्रात झळकतो. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये मात्र ही उंची बाहेरच्या बाजूला धावणाऱ्या, चपळ गार्डला अडवणाऱ्या आणि लांबून बास्केट करणाऱ्या खेळाडूची असते. म्हणजे जी जागा हा मुलगा पुढे सोडणार आहे, त्याच जागेवर त्याला पाहून स्काउटला मत द्यायचं असतं. म्हणूनच मुलगा आज किती वरचढ आहे हे स्काउटने मोजलं तर काम अर्धंही होत नाही. त्या वरचढपणातला शरीराने लवकर वाढून उसना दिलेला भाग वजा करून खाली काय उरतं, ते त्याला सांगता आलं पाहिजे.

उसना म्हणायचं कारण शरीरशास्त्रात आहे. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण ही केवळ सरासरी. कुणाची वाढ बाराव्या वर्षीच सुरू होते, कुणाची सोळाव्या वर्षापर्यंत रेंगाळते. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात काही वर्षांचं अंतर असू शकतं. डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हे वय ठरवता येतं, पण परक्या मुलाचा एक्स-रे मागण्याचा अधिकार स्काउटला नाही. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून प्रौढ उंचीचा अंदाज बांधणारी खामिस-रोश पद्धत १९९४पासून उपलब्ध आहे. तिची नेहमीची चूक दोनेक सेंटिमीटरची, काही मुलांत पाचाच्याही वर. त्यातच अमेरिकेत इयत्ता पुढेमागे करण्याची चाल पडली आहे. कित्येक कुटुंबं मुलाला एक वर्ष मुद्दाम मागे ठेवतात, म्हणजे तो वर्गात सर्वांत थोराड दिसतो. मेन राज्यातल्या छोट्या न्यूपोर्टचा कूपर फ्लॅग याने नेमकं उलट केलं. डिसेंबर २००६मध्ये जन्मलेला हा फॉरवर्ड एक वर्ष आधीच शाळा संपवून ड्यूक विद्यापीठात गेला, सतराव्या वर्षी तिथला पहिला सामना खेळला आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, डॅलसने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. इयत्तेनुसार लावलेल्या क्रमवारीत असा मुलगा आणि एक वर्ष मागे ठेवलेला मुलगा शेजारीशेजारी बसतात, जणू दोघं एकाच वयाचे आहेत.

वजाबाकी उलट्या दिशेनेही करावी लागते. शिकागोच्या एका साध्या सार्वजनिक शाळेत अँथनी डेव्हिस सुरुवातीला बऱ्याच कमी उंचीचा गार्ड होता आणि मोठी विद्यापीठं त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. शाळा संपेपर्यंत तो ६ फूट १० इंचांवर गेला, त्याने केंटकी विद्यापीठाला २०१२चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. त्याच्या आधी स्कॉटी पिपेन. शाळा संपताना तो ६ फूट १ इंच होता. सेंट्रल आर्कान्सासमध्ये सुरुवातीला संघाच्या व्यवस्थापकाची कामं करत होता. तिथेच वाढला आणि १९८७मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. उंची उशिरा आली, तोवर गार्डचे हात तयार झाले होते, म्हणून दोघं इतके वेगळे निघाले. यावर कुणी म्हणेल, की हे अपवाद आहेत. उशिरा न वाढलेल्या हजारो गार्डची नावं कुणाच्या लक्षात राहतात? आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच उंचीवर जुगार खेळा असं माझं म्हणणं नाही. उंची कुणाच्या हातात नसते. कसबाची नोंद मात्र उंचीपासून वेगळी ठेवता येते, आणि ती ठेवली असेल तर मुलगा वाढल्यावर स्काउटला नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

ही वजाबाकी न केल्याची किंमत एनबीएने मोजली आहे. १९९५मध्ये केविन गार्नेटला मिनेसोटाने थेट शाळेतून उचललं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो लांबलचक आणि काटकुळा होता, पण त्याला गार्डसारखा पास देता येत होता. २००४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच्या यशामुळे सगळ्यांचा धीर त्याआधीच चेपला होता. २००१च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चार निवडींतले तिघे शाळकरी होते. पहिला क्वामे ब्राउन. शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर जाणारा इतिहासातला पहिला. त्याला निवडणाऱ्या वॉशिंग्टनचा कारभार तेव्हा खुद्द मायकल जॉर्डनकडे होता. (खेळता येणं आणि खेळाडू ओळखता येणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे यावरून कळावं.) ब्राउन लीगमध्ये दहा वर्षांहून जास्त टिकला, पण कारकिर्दीची सरासरी सामन्यागणिक सात गुणांवरही त्याला नेता आली नाही. त्याच वर्षीचा दुसरा शाळकरी, टायसन चँडलर, २०१२मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. २००५च्या करारात लीगने नियमच बदलला: ड्राफ्टच्या वर्षी वय किमान एकोणीस आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून किमान एक वर्ष झालेलं. पारख करायला आणखी एक वर्ष हवं, हे त्यांनी लेखी कबूल केल्यासारखंच झालं.

मग शाळेच्या सामन्यात नक्की पाहायचं काय? गुणांची सरासरी जवळजवळ निरुपयोगी असते, कारण समोरचा प्रतिस्पर्धी कोण यावर ती ठरते. शाळेची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळात चेंडू फेकायला लावणारं घड्याळ, ठेवायचं की नाही हे शालेय महासंघाने २०२२-२३पासून राज्यांवर सोपवलं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते अजून नाही. या सगळ्यात एक आकडा तेवढा प्रामाणिक राहतो, तो फ्री थ्रोचा. अंतर तेच, समोर कुणी नाही, घाई नाही. कावाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेटला खेळत असताना लांबून त्याचं यश तीस टक्क्यांच्याही खाली होतं, पण फ्री थ्रो पंचाहत्तरच्या आसपास. २०११मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि सॅन अँटोनियोत पहिल्याच हंगामात त्याने लांबून ३७ टक्क्यांवर मजल मारली. मनगट चांगलं असेल तर अंतर शिकवता येतं. आकड्यांपलीकडे पाय पाहावेत: छोट्या गार्डसमोर सापडला तर मुलगा कडेकडेने सरकतो की हात टाकून फाउल करतो? दोघांनी घेरल्यावर मोकळा साथी त्याला दिसतो का? पास चुकला तर पळत मागे येतो का? या गोष्टी उंचीवर अवलंबून नाहीत, म्हणून टिकतात. ताकद मात्र नंतरही येते. २००७च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत केविन ड्युरंटला १८५ पौंडांचं वजन एकदाही उचलता आलं नव्हतं. त्यावरून नाक मुरडणाऱ्यांना २०१४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झालेला पाहावा लागला.

विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा असा, की क्रमवाऱ्या इतक्याही चुकत नाहीत. लेब्रॉन जेम्स, ड्युरंट, फ्लॅग हे सगळे शाळेतच पहिल्या दोन-तीनांत गणले गेले होते. खरं आहे, पण हे ओळखायला स्काउट कशाला हवा? जिमच्या दारातला तिकीटवालाही ते सांगेल. कसोटी लागते ती विसाव्या ते दोनशेव्या क्रमांकाच्या मुलांवर. शिवाय क्रमवारी स्वतःच मुलाला घडवते. वरच्या क्रमांकाच्या मुलाला बुटांच्या कंपन्यांनी पोसलेल्या उन्हाळी संघात जागा, चांगला प्रशिक्षक आणि प्रत्येक सामन्याला मोठ्या विद्यापीठाचे लोक मिळतात. मोहर पाहून बाग घेणारा व्यापारी मग त्याच बागेला पाणीही घालतो, आणि फळ आलं की आपला अंदाज खरा ठरला म्हणतो.

अलीकडे एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. मग सोळा वर्षांच्या मुलावर डोकं कशाला शिणवायचं? बावीस वर्षांचा तयार फॉरवर्ड दुसरीकडून आणावा. मोठ्या विद्यापीठांपुरता हा हिशेब बसतो. पण तो तयार खेळाडूही कुठल्यातरी लहान विद्यापीठाने त्याच्या अर्धवट वयात निवडलेला असतो. त्या विद्यापीठाकडे ना मोठं बजेट, ना खासगी विमान. एक सहायक प्रशिक्षक भाड्याच्या गाडीतून तीन जिल्ह्यांतल्या शाळा फिरतो. पारखण्याचं काम आता त्याच्याकडे आलं आहे, आणि त्याची निवड बरोबर ठरली, तर दोन वर्षांत तो मुलगा जास्त पैसे देणाऱ्याकडे निघून जातो.