मॉरिशसमधील फरारी मजुरांची धरपकड

मॉरिशसमधील फरारी मजुरांची धरपकड ही हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश अमदानीत रूढ झालेली पद्धत होय. ऊसमळा सोडून गेलेल्या हिंदी करारबद्ध मजुरांना शोधून पकडणे हा तिचा मूळ हेतू होता. कालांतराने ज्यांचा करार पूर्ण झाला होता, जे कायद्याने मोकळे होते, असे लोकही तिच्या कचाट्यात सापडले. या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीत आहे.

संज्ञा

करारबद्ध मजुरांना फिजी व नाताळकडे ‘गिरमिटिया’ म्हणत. ‘गिरमिट’ हा ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश. मराठीत भोक पाडण्याच्या सुतारी हत्यारालाही गिरमिट म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध नाही. पळून गेलेल्या गुलामाला मॉरिशसमध्ये ‘मारोन’ म्हणत. गुलामगिरी संपल्यावरही हा शब्द मागे राहिला आणि मळा सोडणाऱ्या हिंदी मजुराला चिकटला. शब्दाबरोबर त्यामागची दृष्टीही टिकून राहिली, असे म्हणणे भाग आहे.

गुलामगिरीच्या काळातील पूर्वपीठिका

डच वसाहतीच्या काळापासूनच (सतरावे शतक) गुलाम पळून बेटावरील अरण्यात आश्रय घेत. पुढे फ्रेंचांच्या ताब्यात बेट गेल्यावर १७२३ च्या राजाज्ञेने शिक्षा ठरवून दिल्या. महिनाभर बेपत्ता राहिलेल्या गुलामाचे पहिल्या खेपेस कान कापून खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडावी, तिसऱ्या खेपेस देहदंड द्यावा, असे ते कलम होते. फरारींच्या मागावर सशस्त्र तुकड्या धाडल्या जात. शेजारच्या बूर्बों (आजचे रियुनियन) बेटावर फ्रांस्वा म्युसार हा अशा शिकाऱ्यांमध्ये विशेष कुप्रसिद्ध होता. मारलेल्या माणसाचा कापलेला हात पुरावा म्हणून दाखवून तेथे बक्षीस घेतले जाई.

बेर्नार्दँ द सँ-प्येर या फ्रेंच लेखकाने आपल्या प्रवासवर्णनात (१७७३) या शिकारीची हकीकत दिली आहे. त्याच्या ‘पॉल आणि व्हर्जिनी’ (१७८८) या कादंबरीत ब्लॅक रिव्हर भागातल्या मालकाकडून पळालेली एक गुलाम स्त्री आश्रयाला येते. तिला दोघे मुले भोळ्या मनाने पुन्हा मालकाकडे नेऊन तिच्यासाठी क्षमा मागतात, आणि मालक तिला पुढे साखळदंडात घालतो. हा प्रसंग आजही वाचण्यासारखा आहे.

करारपद्धती

मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई येथे पोहोचले होते. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे बेटावर आली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषक पुष्कळ होते. त्यांचे वंशज व्हाक्वा व ब्लॅक रिव्हर भागात आढळतात.

आरंभी पुरुषाला दरमहा पाच रुपये आणि शिधा मिळे. त्यावर ‘दुहेरी कपात’ हा नियम होता: एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी जाई. त्यामुळे आजारी मजूर महिनाअखेर मालकाचाच देणेकरी निघू शके. थकलेली मजुरी, मारहाण, तुटपुंजा शिधा यांची तक्रार करायची तर दंडाधिकाऱ्यापर्यंत किंवा स्थलांतरितांच्या संरक्षकापर्यंत चालत जावे लागे, आणि त्यासाठी मळा सोडावा लागे. परवानगीवाचून मळा सोडणे हा गुन्हा होता. दाद मागायला निघालेला माणूस वाटेतच फरारी म्हणून धरला जाई. पळून जाण्याची कारणे अनेक होती. परंतु सरकारदप्तरी ‘फरारी’ ठरलेल्यांत न्याय मागायला निघालेलेही होते, हे आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

१८६७ चा कायदा

मुदत पुरी केलेल्या मजुरांना ‘जुने स्थलांतरित’ म्हणत. मायदेशी परतण्याचे फुकट भाडे १८५० च्या दशकात बंद झाल्याने त्यांची संख्या वाढत गेली. कोणी भाजीपाला पिकवी, कोणी फेरी करी. मळेवाल्यांना त्यांनी नवा करार करावा असे वाटे. १८६४ मध्ये ग्रँड रिव्हर येथे ‘भटक्यां’साठी कोठडीवजा डेपो उघडण्यात आला, आणि १८६७ च्या ३१ क्रमांकाच्या अध्यादेशाने पकड आवळली. जुन्या स्थलांतरिताने छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगावे, पोलिसांकडे नोंदणी करावी, जिल्हा बदलल्यास ते कळवावे, असे बंधन आले. तिकीट घरी विसरलेला, हरवलेला किंवा त्यावर योग्य शिक्का नसलेला माणूस भटक्या ठरे. शिपाई वस्त्यांवर आणि रस्त्यांवर छापे घालीत. या छाप्यांना लोक उघडपणे शिकार म्हणत. शिक्षा सक्तमजुरीची, ती चुकवायची तर सोपा मार्ग एकच, पुन्हा मळ्याशी करार. कायद्याचा खरा उपयोग पळालेले शोधण्यापेक्षा मोकळ्यांना मळ्याकडे हाकण्यासाठी झाला.

हे सारे हिवतापाच्या भयंकर साथीच्या (१८६६-६८) काळात घडत होते, हे विशेष.

अर्ज व चौकशी

आदोल्फ द प्लेव्हित्झ हा नुव्हेल देकूव्हेर्त मळ्याचा व्यवस्थापक. त्याने राजारत्नम मुदलियार यांच्या साहाय्याने जुन्या स्थलांतरितांचा अर्ज तयार केला. ६ जून १८७१ रोजी सादर झालेल्या या अर्जावर ९,४०१ जणांच्या सह्या होत्या. मळेवाले इतके संतापले की त्याला बेटाबाहेर घालवावे अशी मागणी झाली. भर पोर्ट लुईत त्याच्यावर हल्लाही झाला. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी ती मागणी मानली नाही. (याच गॉर्डननी पुढे फिजीत हिंदी करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत सुरू केली. त्यांचे मूल्यमापन करताना दोन्ही गोष्टी जमेस धराव्या लागतात.)

१८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. विल्यम एडवर्ड फ्रिअर व व्हिक्टर विल्यमसन हे त्याचे सदस्य. पैकी फ्रिअर मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते. आयोगाच्या १८७५ च्या अहवालाने पोलिसांची मनमानी उघडकीस आणली आणि १८७८ मध्ये नवा मजूर कायदा आला. दुहेरी कपात मात्र पुढेही बराच काळ चालू राहिली.

अवशेष व साधने

फरारी गुलामांच्या स्मृतीशी निगडित ल मोर्न डोंगर (२००८) आणि मजूर जेथे उतरत तो आप्रवासी घाट (२००६) ही दोन्ही स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. स्थलांतरितांच्या नोंदवह्या व तिकिटांसाठी काढलेली छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केली आहेत. नोंदीत अनुक्रमांक, नाव, पित्याचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरील खुणा दिलेल्या असतात. ओळख पटवून पकडता यावे म्हणून लिहिलेल्या या खुणांवरून आज मॉरिशसमधील कुटुंबे आपले पूर्वज शोधतात. गावांची नावे कारकुनाने कानावर पडली तशी रोमन लिपीत लिहिलेली आहेत. त्यामुळे कोकणातील गाव ओळखायचे तर त्या प्रदेशाच्या बोलीची आणि जुन्या तालुका-विभागणीची माहिती असणे आवश्यक ठरते.