थांबलेल्या वेब सर्व्हर प्रक्रियेचे निदान : सिस्टीम कॉलचा मागोवा

निकालाच्या दिवशी वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातील विद्यार्थी महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडतो आणि पृष्ठ येतच नाही. त्रुटीचा संदेशही दिसत नाही. अशा वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करण्याकडे कल असतो. त्याने तात्पुरते भागते. परंतु बिघाडाचा पुरावाही त्याबरोबर नाहीसा होतो.

थांबलेली प्रक्रिया बहुधा बिघडलेली नसते. ती कशाची तरी वाट पाहत असते. लिनक्समध्ये फाईल वा नेटवर्क वापरण्यासाठी प्रत्येक प्रोग्रामला कर्नेलकडे विनंती करावी लागते. हाच सिस्टीम कॉल होय. या विनंत्या ओळीने दाखविणारे ‘एसट्रेस’ हे साधन पॉल क्रानेनबर्ग यांनी मुळात सनओएस प्रणालीसाठी लिहिले. ‘पी’ या पर्यायापुढे प्रक्रियेचा क्रमांक दिला की ते चालू प्रक्रियेस जोडले जाते. पूर्ण झालेल्या कॉलच्या ओळीअखेर उत्तर छापले जाते. अडलेल्या कॉलची ओळ मात्र अर्धवट राहते. निदानाचा आरंभ या अर्धवट ओळीपासून करावा.

समजा, पीएचपीची प्रक्रिया ‘एफलॉक’ या कॉलवर थांबली आहे आणि कंसात ११ हा अंक आहे. ‘प्रॉक’मधील त्या प्रक्रियेच्या ‘एफडी’ निर्देशिकेत ११ म्हणजे सेशनची फाईल असल्याचे आढळते. पीएचपी ही फाईल पृष्ठ पूर्ण होईपर्यंत कुलूपबंद ठेवते. म्हणजे दोष या प्रक्रियेत नाहीच. त्याच विद्यार्थ्याने आधी मागितलेले पृष्ठ कुलूप धरून बसले आहे. कुलूप कोणाकडे आहे हे ‘एलएसऑफ’ने शोधून त्या प्रक्रियेस एसट्रेस जोडावे. ती ‘पोल’वर, ३३०६ या पोर्टच्या जोडणीवर थांबलेली दिसल्यास ती मायएसक्यूएलच्या उत्तराची वाट पाहत आहे, आणि खरा शोध तेथील संथ क्वेरीचा घ्यावयाचा आहे.

पीएचपीची ३० सेकंदांची मूळ कालमर्यादा येथे आड का येत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. लिनक्सवर त्या मर्यादेत सामान्यतः सिस्टीम कॉल व डेटाबेसची प्रतीक्षा धरली जात नाही. परिणामी अशा प्रक्रिया साचत जातात. अपाचेच्या प्रीफोर्क रचनेत मूळ मर्यादा २५६ प्रक्रियांची असते. त्या सर्व अडकल्या की नव्या विद्यार्थ्यास दार बंद. संथ क्वेरीस योग्य इंडेक्स देणे आणि सेशनमधील लेखन संपताच ते बंद करणे, हे दोन्ही उपाय योजावेत.

एसट्रेसने प्रक्रिया बरीच मंदावते, म्हणून ते थोडाच वेळ जोडावे. त्यात विद्यार्थ्यांचे पासवर्डही उघड दिसू शकतात. ती नोंद कोणासही जशीच्या तशी पाठवू नये.

मागोव्यात एकही ओळ उमटत नसेल आणि प्रोसेसर मात्र पूर्ण व्यग्र असेल, तर प्रक्रिया वाट पाहत नसून स्वतःच्याच आवर्तनात फिरत आहे. तेथे एसट्रेस निरुपयोगी ठरते व डीबगर लागतो. ‘पीएस’च्या यादीत ‘डी’ ही अवस्था टिकून असेल, तर ‘किल’ही सहसा चालत नाही, मग डिस्क किंवा नेटवर्कवरील साठा तपासावा लागतो.