काड्यांचे घर आणि आपली भिंत



ऊस विकास विभागाचा माणूस म्हटला की तो बेणेप्रक्रिया, सरीचे अंतर आणि पाचट यांवरच बोलणार, हे आपणांस ठाऊक आहे. या वेळी मात्र काडीपेटीच्या काड्यांची हकिगत सांगतो.

गेल्या पावसाळ्यात बेणेमळा पाहून परतताना सर आली, म्हणून आम्ही एका गावच्या शाळेच्या व्हरांड्यात थांबलो. आत तिसरी-चौथीची वीस मुले चार-चारच्या गटांत बसली होती. प्रत्येक गटाला गूल काढलेल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि भोके पाडायला बाभळीचा काटा दिलेला. गुरुजींनी एवढेच सांगितले, "घर बांधा. वर वही ठेवली तरी उभं राहिलं पाहिजे."

चौकोनी घरे भराभर झाली आणि वही ठेवताच तिरकी होऊन बसली. एका गटात भांडणही झाले. गुरुजी गप्पच. शेवटी एक मुलगी म्हणाली, "तिरपी काडी मारू का?" पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काडी पुरेना! मग खराट्याची लांब काडी तोडून आणली. घर ताठ झाले. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहून तो कलंडतो. त्रिकोणाची बाजू वाकल्या-मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. हे फळ्यावर सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी विसरले असते.

नंतर गुरुजींनी गोट्यांवर परात ठेवली, तीत घरे मांडली आणि परात हलवली. गोटे व चिखलाची एक इवलीशी भिंतही होती. ती पहिल्या हिसक्याला दोन्हीकडे फुटली. मुले हसली. आम्हांला हसू आले नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आपल्या भागात हे कोणाला सांगावे लागत नाही. सुमारे दहा हजार माणसे गेली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाचे ओझे. कित्येक ठिकाणी लाकडी खण उभे राहिले, भिंती मात्र माणसांवर आल्या.

हा काड्यांचा खेळ अरविंद गुप्ता यांनी देशभर नेला. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते पुण्याच्या टेल्कोत होते. १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे या काड्या-ट्यूबच्या जोडण्या सुचल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तोही हाताने करीत शिकण्यासाठीच. तिथले घुमटाकार घर त्रिकोण जोडूनच उभे राहते.

आपणही लहानपणी ज्वारीच्या ताटाच्या भेंडाची बैलगाडी केलीच की! फरक एवढाच, की इथे चार जणांनी मिळून करायचे, मोडले तर का मोडले ते बोलायचे आणि पुन्हा बांधायचे. मोठ्यांनी उत्तर सांगायची घाई करू नये.

पाऊस थांबला. निघताना तीच मुलगी म्हणाली, "साहेब, आमच्या गोठ्याची भिंत त्या परातीतल्यासारखीच हाय." आम्ही गेलो. तिचे वडील आपलेच सभासद. त्यांच्या शेतात आम्ही किती वेळा गेलो, ठिबक पाहिले, फुटवे मोजले. गोठ्याकडे कधी पाहिले नाही. त्याच्या आडोशाला रात्री म्हातारी आई झोपते. आरपार दगड एकही नव्हता. कोपरेही एकमेकांत गुंतवलेले नव्हते.

उसाचे बिल आल्यावर भिंत उतरवून आरपार दगड आणि वर सलग पट्टा घालून बांधू, असे ते म्हणाले. तोवर आईची खाट घरात आली आहे.

बंधू-भगिनींनो, शेतावर, गोठ्याला आपण पुन्हा तशाच भिंती रचू लागलो आहोत. आज संध्याकाळी पोरांना काड्या द्या, परात हलवा आणि मग त्यांना बरोबर घेऊन आपली भिंत एकदा पाहून या.