गुडघ्यात मिठाचं पाणी

ओडेन्स (डेन्मार्क)

डेन्मार्कात गुडघा दुखायला लागला म्हणून कुणी उठून थेट हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही. इथे प्रत्येकाकडे एक पिवळं कार्ड असतं, त्यावर त्याच्या फॅमिली डॉक्टरचं नाव छापलेलं असतं. आधी त्यांच्याकडे जायचं, तिथे पैसे पडत नाहीत. डॉक्टर गुडघा वाकवून बघतात, चार प्रश्न विचारतात आणि अनेकदा एक्स-रे न काढताच फिजिओथेरपिस्टच्या नावाने चिठ्ठी देतात. त्या फीचा काही भाग सरकार भरतं, उरलेला आपण.

आपल्या श्रीपूरच्या माणसाला हे फसवल्यासारखं वाटेल. आपल्याकडे कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले काका असोत की उसाच्या फडात कंबर वाकवलेल्या मावशी, अकलूज नाहीतर पंढरपूर गाठायचं, ‘गॅप कमी झालाय, वंगण संपलंय’ हे ऐकायचं आणि सुई टोचून घरी यायचं. नुसता व्यायाम सांगणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटत नाही.

इथल्या व्यायामाला मात्र शिस्त आहे. दक्षिण डेन्मार्क विद्यापीठातल्या एवा रोस आणि सोरेन स्कोऊ यांनी 2013 साली ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. आधी माहितीचे वर्ग, मग आठवड्यातून दोनदा असा सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम. हाच कार्यक्रम पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीनपर्यंत गेला.

एका वर्गात मी बसून पाहिलं. यंत्र एकही नाही. खुर्ची, लाकडी पायरी, रबरी पट्टा आणि फरशीवर एक फडकं. फडक्यावर पाय ठेवून तो मागे सरकवायचा, पुढचा गुडघा वाकवायचा. पण गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच राहिला पाहिजे, आत झुकला की फिजिओथेरपिस्ट बाई लगेच टोकतात. पहिल्या दिवशी 30 सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजून ठेवतात, शेवटी पुन्हा मोजतात. दुखणं शून्य ते दहा अशा पट्टीवर सांगायचं. पाचापर्यंत दुखलं तरी चालतं, फक्त चोवीस तासांत ते पहिल्यासारखं व्हायला हवं. ‘दुखतंय म्हणजे झिजतंय’ ही आपली पक्की समजूत इथे पहिल्याच वर्गात मोडून काढतात.

आता खरी गंमत. कोपनहेगनच्या पार्कर संस्थेतल्या संशोधकांनी याच लाडक्या कार्यक्रमाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. 206 रुग्ण. निम्म्यांना आठ आठवडे ग्लॅडचा व्यायाम आणि शिक्षण, उरलेल्यांना तेवढ्याच काळात गुडघ्यात चार इंजेक्शनं. सुईत काय, तर सलाइन. नुसतं मिठाचं पाणी, आणि तेही रुग्णाला सांगून! निकाल असा आला की दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. इथल्या फिजिओथेरपी वर्तुळात त्यावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण आपल्याच देशाच्या अभिमानाची वस्तू तपासायची आणि निकाल छापून मोकळं व्हायचं, हे मला त्या व्यायामापेक्षाही जास्त घेण्यासारखं वाटतं.

यावरून ‘व्यायाम बेकार’ असं कुणी म्हणेल, तर ते घाईचं होईल. व्यायामाने मांडीचे स्नायू, साखर, वजन, तोल सगळ्यालाच हातभार लागतो. मिठाच्या पाण्याने तसं काही होत नाही. निकालाचा खरा चटका बसतो तो महागड्या सुयांना. साध्या पाण्याने इतका फरक पडत असेल, तर इंजेक्शनानंतर ‘बरं वाटलं’ याचं श्रेय औषधाला किती द्यायचं? ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीची तुलना सलाइनशी केली. 2021 साली छापलेल्या त्या निकालात वर्षभरानंतर दुखण्यात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. अमेरिकेत 140 जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड किंवा सलाइन दिलं. 2017 साली आलेल्या निकालात दुखण्यात फरक नव्हता, उलट स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली दिसली. फार सुजलेल्या, ठणकणाऱ्या गुडघ्याला एखादं स्टिरॉइड काही आठवडे आराम देतं, हे इथलेही डॉक्टर मान्य करतात. दर हंगामाला घ्यायची ती गोष्ट नव्हे, एवढंच.

आषाढीच्या आधी आपल्या भागात अशा सुयांची मागणी वाढते. पालखीच्या बोरगावच्या मुक्कामापर्यंत पायी जायचं असतं, घरचे म्हणतात, एक टोचून घ्या. घ्यायचंच ठरलं तर सुईत नेमकं काय आहे ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. मधुमेह असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती रोज तपासा. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला वारीच्या दोन-तीन महिने आधीच लागा. त्याला चिठ्ठी लागत नाही.