जुनी चामड्याची पर्स

जुनी पेटी किंवा कपाट आवरताना कधी कधी एखादी चामड्याची पर्स हाती लागते. ती आजीची असेल, आत्याची असेल. कडा झिजलेल्या, अंगावर पांढरी बुरशी, पितळी कडीवर हिरवा थर. वास तर विचारूच नका! मग घरात दोन मते पडतात. एक जण म्हणतो, "फेकून द्या." दुसरा म्हणतो, "साबणाने धुवा, खोबरेल चोळा आणि उन्हात ठेवा. नवी होईल." पहिल्याचे ऐकले तर पर्स जाते. दुसऱ्याचे ऐकले तरी ती जाते, फक्त थोडी उशिरा. असे का होते? ते समजण्यासाठी चामडे कसे तयार होते, ते आधी पाहू.

जनावराचे कातडे ओले ठेवले तर कुजते आणि वाळवले तर फळीसारखे कडक होते. त्याचे चामडे करायचे म्हणजे ते कमवावे लागते. मराठीत माणसे पैसे कमावतात, तसे कातडेही कमावतात. उर्दूत या कामाला दबागत म्हणतात. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून वरचे केस काढतात, आतले मांस खरवडतात. मध्ये जो थर उरतो, तो अतिशय बारीक तंतूंचा असतो. हे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट वस्तूंच्या पाण्यात हा थर बरेच दिवस मुरवला, की तुरट द्रव्य तंतूंना घट्ट धरून ठेवते. मग ते सहजासहजी कुजत नाहीत. कोल्हापुरी चपलांचे चामडे याच रीतीने कमावतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत आली. तिला फार कमी वेळ लागतो, म्हणून आजचे बरेचसे चामडे तसेच असते.

शेवटी कारागीर चामड्याला तेल पाजतात. तेलामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडे मऊ राहते. वर्षे गेली, की हे तेल कमी होते. तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवल्यावर तुटतात. चामड्याला भेग पडली असे आपण म्हणतो, ती हीच. तुटलेले तंतू पुन्हा जोडता येत नाहीत. आपल्या हाती एवढेच असते, की उरलेले तंतू तुटू नयेत.

आता त्या दुसऱ्याचा सल्ला तपासू. चामडे किंचित आम्लधर्मी असते. कपड्यांचा साबण आणि सोडा अल्कधर्मी असतात. त्यांनी मळाबरोबर चामड्यातले तेल आणि रंगही निघतो. कडक ऊन उरलेला ओलावा झपाट्याने ओढून घेते आणि चामडे आकसते. खोबरेल तेलाने पर्स पहिल्या दिवशी छान चमकते, हे खरे. पण ते चामड्यात खोल शिरून डाग पाडते, त्यावर धूळ बसते, पुढे खवट वास येतो. थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते, हे तुम्ही पाहिले असेल. पर्समध्येही ते गोठते आणि वर पांढरट थर दिसू लागतो. लोकांना वाटते, पुन्हा बुरशी आली!

मग करावे काय? प्रथम पर्स रिकामी करावी. अस्तर बाहेर ओढून झटकावे. बुरशी असेल तर हे काम गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला रुमाल बांधून करावे. मऊ, कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी आणि पर्स दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. पुष्कळदा निम्मे काम एवढ्यानेच होते.

नंतर पर्सच्या तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. थेंब तसाच राहिला, तर चामड्यावर संरक्षक लेप आहे. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने ते हलकेच पुसता येते. थेंब लगेच शोषला गेला आणि डाग गडद झाला, तर पाणी वापरूच नये. कोरड्या फडक्यावर थांबावे. तेलकट डागावर टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी झाडावी. बॉलपेनच्या शाईचा डाग मात्र राहू द्यावा. स्पिरिटने शाई निघते, पण बरोबर पर्सचा रंगही निघतो. आजीच्या पर्सवर शाईचा एक डाग असला तर काय बिघडले?

पितळी कडीवरचा हिरवा थर लाकडी काडीने, कोरड्या कापसाने काढावा. भांड्यांसारखी चिंच लावू नये. तिचे आंबट पाणी चामड्यात उतरते.

पर्स पूर्ण सुकल्यावर चामड्याचे बिनरंगी क्रीम वाटाण्याएवढे घ्यावे, फडक्यावर पसरून पातळ लावावे. तासाभराने कोरड्या फडक्याने पुसावे. जास्त क्रीम म्हणजे जास्त फायदा, असे नसते. शिवण उसवली असेल तर मोचीकडे जावे. त्याला सांगावे, की आरीने नवी भोके पाडू नका, जुन्याच भोकांतून मेण लावलेला दोरा ओवा. प्रत्येक नव्या भोकाने चामडे तिथे कमजोर होते.

पर्स ठेवताना आत जुने सुती कापड भरावे, म्हणजे आकार राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कधीही बांधून ठेवू नये. आत दमट हवा कोंडते आणि पावसाळ्यात बुरशी परत येते.

एका पर्सवर मात्र यातले काहीच चालत नाही. हात लावताच बोटांना तांबडी पूड लागते, ती पर्स. साल-हिरड्याच्या रीतीने कमावलेले जुने चामडे हवेतला गंधकाचा वायू शोषते, त्याचे आम्ल बनते आणि तंतूंचा भुगा होतो. इंग्लंडमध्ये ग्रंथालयांतील पुस्तकांच्या चामडी बांधण्या अशाच झडू लागल्या होत्या. १९०० मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यासाठी समिती नेमली. तिला गॅसच्या दिव्यांचा धूर हे एक मोठे कारण आढळले. असा भुगा झालेले चामडे पूर्वीसारखे होत नाही. पाणी किंवा तेल लावले तर ते काळे आणि कडक पडते. अशी पर्स खांद्याला लावू नये. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ती खोक्यात ठेवावी आणि पाहायची झाली तर दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलावी.