कुंपणावरचा मेवा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. जेवणे आटोपून मोठी माणसे लवंडली होती आणि मुलांचा कंपू घरामागच्या मोकळ्या जागेत पसार झाला होता. संध्याकाळी शेजारचा सात वर्षांचा मुलगा ओकाऱ्यांनी हैराण झाला. सर्वांनी खापर फोडले ते चकलीच्या तेलावर! पण त्याच्या खिशात काळ्या बिया निघाल्या. आमच्याकडे कोकणातून आलेल्या आत्याबाईंनी त्या पाहिल्या मात्र, त्या ओरडल्या, "अगं, हा तर मोगली एरंड! आधी डॉक्टर गाठा!"

दोन दिवस इस्पितळात काढून पोरगा हसतखेळत घरी आला. पण आम्हां शहरवासीयांच्या अज्ञानाची मला लाज वाटली. मग आत्याबाईंना घेऊन मी तीच जागा पालथी घातली.

मोगली एरंड गुरे खात नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात. फळ हिरवे, मग पिवळे, वाळले की काळे. आत बहुधा तीन बिया. चव शेंगदाण्यासारखी, आणि मुले फसतात ती इथेच.

"चीक निघतो ते झाड विषारी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले ना?" मी शहाणपण पाजळले.

"मग करवंद गं?" आत्याबाई हसल्या.

खरेच की! करवंदाला पांढराशुभ्र चीक असतो. ज्या पिवळ्या कण्हेरीचे बी हृदयाची गती बिघडवून जीव घेते, ती त्याच्याच कुळातली. पाखरे खातात ते आपल्याला चालते, हाही तसाच भ्रम. तेव्हा नुसते फळ पाहू नये. पान, काटा, फूल असे सारे झाड ओळखावे.

करवंदाची पाने समोरासमोर, तुकतुकीत, काटे बळकट, फुले जाईसारखी पांढरी. बोरीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लवदार. काटे जोडीने, त्यांतला एक बहुधा वाकडा. चिरबोटीचे फळ कागदी कंदिलात लपलेले असते. ते पिवळे पिकले तरच खावे. कामोणीला चांदणीसारखी पांढरी फुले आणि काळ्या फळांचे घोस येतात. तिची हिरवी फळे विषारी. घाणेरीच्या रंगीबेरंगी फुलांना भुलू नये. तिचीही हिरवी फळे बाधतात. आणि सोनाराच्या तराजूतली गुंज? लाल अंगाला काळा डोळा! तिचे कवच कठीण, पण बी चावले गेले तर प्राणाशी गाठ.

एवढे करूनही कोणी भलतेच खाल्ले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. त्याने अपाय वाढतो. त्रास होण्याची वाटही पाहू नये. उरलेले फळ आणि झाडाची डहाळी बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. काय खाल्ले ते कळले, तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

मुलांना मात्र घरात कोंडू नका. आता बोरे धरतील, संक्रांतीला बोरन्हाण होईल, वैशाखात करवंदे पिकतील. आमच्या कंपूने आता नियमच केला आहे : मोठ्यांना झाड दाखवल्याशिवाय फळ तोंडात टाकायचे नाही. परवा शेजारचा तोच मुलगा एक डहाळी घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, ही कामोणीच ना?"

कामोणीच होती. आणि फळे काळीभोर पिकलेली!