‘फिकल’ : चंचलता की वचनभंग?

घरातील मुलाने आज एक अभ्यासक्रम निवडला आणि उद्या दुसरा, की ‘फार फिकल आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. या इंग्रजी शब्दाचा पूर्वेतिहास पाहिला, तर तो इतक्या सहजपणे वापरण्याजोगा नाही, हे ध्यानात येते.

प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘फिकोल’ असे होते आणि अर्थ होता कपटी, फसवा. साधारणतः 13 व्या शतकापासून त्याला ‘अस्थिर, वारंवार बदलणारा’ हा अर्थ येऊ लागला आणि पुढे मूळ अर्थ मागे पडला. ज्याच्यावर विसंबावे त्याचे मन पालटले, की आपण फसविले गेलो असे वाटते. या दोन अर्थांमधील दुवा बहुधा हाच असावा.

आपले शब्द मात्र मुळात आरोप करीत नाहीत. ‘चंचल’ शब्दात ‘चल्’ हा धातू आहे. त्यात केवळ गती आहे. म्हणूनच संस्कृतात वीज आणि लक्ष्मी या दोघींनाही ‘चंचला’ हे नाव लाभले. ‘लहरी’त पाण्याची लाट आहे, तर ‘धरसोड’ ही हाताची क्रिया. तरीही झळ पोहोचली की आपली भाषाही कपटाकडे वळते. उर्से आणि एकूणच मावळ हा भातशेतीचा प्रदेश. येथे एरवी पाऊस ‘लहरी’ असतो. पण लावणीच्या दिवसांत त्याने ओढ दिली, की ‘पावसाने दगा दिला’ असे म्हटले जाते. वस्तुतः पावसाने कोणाला वचन दिलेलेच नसते.

व्यापाऱ्याला हा भेद चांगला ठाऊक असतो. शेअर बाजारात रूढ झालेला ‘व्होलटाईल’ हा शब्द ‘उडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. भावाने वर-खाली होणे हा बाजाराचा स्वभाव. त्यात फसवणूक नाही. परंतु सौदा ठरल्यानंतर भाव चढला म्हणून माल देण्यास नकार देणे, ही चंचलता नव्हे. तेथे ‘फिकल’चा जुना अर्थच लागू पडतो.

घरातही हीच कसोटी लावावी. मुलाने दुकानाची गादी सोडून वेगळी वाट धरली, तर त्याने दिलेला शब्द मोडला आहे की केवळ विचार बदलला आहे, हे आधी पाहावे. विचार बदलला असेल, तर त्याच्याशी चर्चा करावी. त्याच्यावर अविश्वासाचा शिक्का मारू नये.